मराठी आकड्यांची नळी

काचेची कुठलीही वस्तू हातात आली की मिस्त्री ती आधी उजेडाकडे धरायचे, मग नखानं टिचकी मारून कानाशी न्यायचे. चहाचा ग्लास असो, माझ्या दुकानातली औषधाची बाटली असो, नाहीतर एखाद्या गिऱ्हाइकाचा चष्मा. चष्मा ते मागून घ्यायचे. कधी कधी न मागताही घ्यायचे. टिचकीचा आवाज ऐकून झाला की निकाल लागायचा. "पक्की हाय." किंवा, "हवा शिरंल हिच्यात."

हवा शिरणं हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा दोष होता, आणि तो फक्त काचेला नव्हता. कुणाची सोयरीक मोडली, "कुठूनतरी हवा शिरली असंल." आमच्या ओळीतल्या सलूनवाल्या भावाभावांनी दुकानाच्या मधोमध पडदा लावून वाटणी केली, तेव्हा मिस्त्री दोघांकडे आळीपाळीनं दाढी करून आले आणि मला म्हणाले, "दोन्हीकडून शिरलीय."

गेवराईत जुन्या हायवेच्या कडेला माझं मेडिकल आहे. शेजारचा गाळा मिस्त्रींचा. ते मला डाक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही, नुसत्या गोळ्या विकतो, हे सुरुवातीला मी सांगून पाहिलं. पुढं सोडून दिलं. त्यांचं खरं नाव आमच्या ओळीत दोघा-तिघांनाच माहीत असेल. मीही ते इथं लिहीत नाही.

मूळचे ते पाटोद्याकडचे. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, आणि हे मावशीच्या घरी राहायचे. मिसरूड फुटायच्या आत ते औरंगाबादला एका निऑनच्या पाट्या करणाऱ्याकडे लागले. तिथं काच वाकवायला शिकले. नळीच्या एका टोकाला रबरी पाइप लावून तो दातात धरायचा. नळी ज्वाळेत मऊ पडली की आतून हलकी फुंक देत ती वाकवायची, म्हणजे चपटत नाही. "फुंक लई जोरात बी न्हाई आन् लई हळू बी न्हाई," ते सांगायचे. "झोपल्याल्या लेकराच्या तोंडावरची माशी उडवतो तशी." त्यांना स्वतःला लेकरू नव्हतं.

ते गेवराईत आले तेव्हा टॉकीज, लॉज, कापडाची दुकानं, हायवेवरचे ढाबे, सगळ्यांना पेटती नावं हवी होती. तुमच्यापैकी कुणी त्या काळात संध्याकाळच्या गाडीनं इथून गेलं असेल, तर ते लाल-निळ्या अक्षरांचं गाव त्यांना आठवेल. ती अक्षरं मिस्त्रींच्या फुंकेची होती.

मग एलईडी आली, आणि फ्लेक्स आला. टॉकीज बंद पडली. अक्षरं एकेक करून विझली आणि ती परत पेटवायला कुणी बोलावलं नाही. मिस्त्री बांबूंवर फ्लेक्स बांधायला जाऊ लागले, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे. खालून पोरं ओरडायची, "मिस्त्री, साहेब वाकडे झाले!" मिस्त्री वरून सुतळीला गाठ मारत म्हणायचे, "आधीच हायेत."

असं चाललेलं असताना एका दुपारी भंगारवाल्यानं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधलं एक मोजणीचं यंत्र त्यांच्या पुढ्यात आणून टाकलं. आत अंगठ्याएवढ्या काचेच्या नळ्या होत्या. प्रत्येक नळीत पत्र्याचे बारीक आकडे एकामागे एक उभे केलेले, शून्यापासून नवापर्यंत. मिस्त्रींनी काहीतरी जोडाजोड करून वीज दिली आणि भिंतीपलीकडून मला हाक मारली.

"डाक्टर, काहून बसलाव तिथं? हिकडं या."

त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं होतं. आत एक नारिंगी चार पेटला होता. मागंपुढं उभे असलेले बाकीचे आकडे दिसतही नव्हते, फक्त तो चार, कडेनं उजेडाची साय धरलेला.

"निऑन हाय," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "माझाच ग्यास हाय ह्यो. जलमभर वापरला. आकडे बी दावतो, ते म्हाईतच न्हवतं."

मोबाइलवर शोधल्यावर कळलं, या नळ्यांना निक्सी म्हणतात. पूर्वी यंत्रांत असायच्या; कारखान्यांनी त्या बनवणं कधीच सोडून दिलं. पण जगात ठिकठिकाणी काही हौशी माणसं त्या जमवतात, त्यांची घड्याळं करतात, आणि फार थोडी माणसं त्या घरी बनवतातसुद्धा. अशा लोकांच्या एका गटात मिस्त्री शिरले. इंग्रजीचा गंध नव्हता. ते फोटो टाकायचे आणि मराठीत बोलून पाठवायचे. ऐकणाऱ्यांना त्यातलं काय कळत असेल देव जाणे. पण पुण्याच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी उत्तर दिलं. त्यांच्याकडे अशा नळ्यांनी भरलेलं एक कपाट होतं. आम्ही त्यांना पुण्याचे साहेब म्हणू लागलो. साहेबांनी आपल्याजवळच्या चार नळ्या कापसात गुंडाळून मिस्त्रींना पाठवल्या. मिस्त्रींनी त्यांचं घड्याळ केलं आणि ते रोज फडक्यानं पुसू लागले.

मिस्त्रींची बायको, आमच्या वहिनी, दुपारी डबा घेऊन यायच्या. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. मोठेपणी साक्षरतेच्या वर्गात बसून लिहा-वाचायला शिकल्या होत्या. मिस्त्रींनी हौसेनं त्यांना घड्याळ पेटवून दाखवलं. वहिनींनी पदरानं घाम टिपत ते नीट पाहिलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्ये इंग्रजी आकडे. मला मराठीच येतेत."

आणि डबा सोडायला बसल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. मिस्त्री भाकरी हातात धरून तसेच बसून राहिले.

त्यांनी साहेबांना फोन करून विचारलं, मराठी आकड्यांची नळी कुणी केलीय का? साहेबांनी बरीच विचारपूस करून कळवलं की निदान त्यांना तरी अशी कुठं सापडली नाही.

"मंग आपुन करू," मिस्त्री म्हणाले.

तिथून पुढं शेजारच्या गाळ्यात जे चाललं ते मी काउंटरवरून पाहत आलो. काचेतून आत जाणारी तार साधी चालत नाही. थंड होताना काच वेगळी आकसते, तार वेगळी, आणि तडा जातो. जुन्या बल्बच्या बुडाशी चालण्याजोगी तार मिळते, म्हणून साऱ्या ओळीचे उडालेले बल्ब मिस्त्रींकडे जाऊ लागले. आकड्यांच्या पुढं बारीक जाळी लागते. ती चहाच्या गाळणीची. वहिनींच्या घरात एक गाळणी धड उरली नाही.

"आमच्याकडं कपात चहापत्ती येती, भाऊ," त्या मला सांगायच्या. "आकडे काय येईनात."

तापलेली नळी एकदम गार होऊ द्यायची नसते. मिस्त्री ती राखेत पुरायचे. वहिनी घरच्या चुलीची राख टोपल्यानं आणायच्या आणि पत्र्याच्या मोठ्या टबात ओतायच्या. नळी पुरली की मिस्त्री माझ्या काउंटरला येऊन उभे राहायचे, चहा सांगायचे आणि कान मात्र भिंतीकडे. पलीकडून 'टिक्' असा बारीक आवाज आला की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "गेली." चहा अर्धा टाकून जायचे. बहुतेक वेळा गेलेलीच असायची.

आणि हात कापू लागले होते. निळी अक्षरं करायची तर नळीत पारा घालावा लागतो. तो त्यांनी वर्षानुवर्षं उघड्या हातांनी, बंद गाळ्यात हाताळला होता. मी मागं लागून त्यांना तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी पारा कायमचा बंद करा म्हणून सांगितलं. मिस्त्री परत आले आणि म्हणाले, "बंदच करायचाय. थोडंच राहिलंय आता."

फुंक अजून शाबूत होती, पण पातळ पत्र्यातून आकडे कापणं काही जमेना. कातर भलतीकडेच जायची. एके दिवशी वहिनींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"सोडा. तुमी फुका, मी कापते."

गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मी त्यांच्यासाठी जमवून ठेवू लागलो. त्यांच्यावर सराव करून वहिनी पत्र्याकडे वळल्या. वर्गात पाटीवर गिरवले असतील तसेच त्या आकडे गिरवायच्या, जीभ दातांत धरून. मग कातर चालवायच्या. मिस्त्री शेजारी नुसते बघत बसायचे. लग्नाला इतकी वर्षं झालेली ती दोघं, एक स्टुलावर आणि एक उलट्या बादलीवर बसून, 'नऊ'च्या गाठीवरून भांडताना मी ऐकली आहेत. त्यांना तेवढं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं, आधीही आणि नंतरही.

एक नळी जमली. मला बोलावणं आलं. शटर ओढलेलं. मिस्त्री बटण फिरवत होते आणि वहिनी मोठ्यानं वाचत होत्या, "येक... दोन... तीन... च्यार..." सहा पेटला नाही. वहिनींनी तो पेटल्यासारखाच वाचला आणि पुढं गेल्या. नवापर्यंत पोचल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, समदे आले की!"

आठवड्याच्या आत त्या नारिंगी रंगाला जांभळी कड धरली. मग आकडे अंधुक झाले. मग काहीच नाही. कुठंतरी केसाएवढी फट राहिली होती. त्या वेळी 'हवा शिरली' हे मिस्त्री बोलले नाहीत. वहिनी बोलल्या, आणि नवी राख आणायला गेल्या.

साहेब फोनवर एकदा म्हणून गेले होते की जुने कारखाने नळीत पाऱ्याचा एवढासा अंश घालायचे, त्यानं आकडे जास्त टिकतात. पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, हेही त्यांनी दोनदा बजावलं होतं. मिस्त्रींनी त्यातलं पहिलं वाक्य धरून ठेवलं. निळ्या पाट्यांच्या काळातला पारा बाटलीच्या तळाशी शिल्लक होता.

पुढचं मला नंतर मिस्त्रींनीच सांगितलं.

त्या सकाळी त्यांच्या कोपराचा धक्का लागून ती बाटली कलंडली. पारा फार नव्हता, सुपारीएवढा. फरशीवर पडला आणि गोळ्या गोळ्या होऊन पळू लागला. वहिनींना हसू आवरेना. "बघा की, धरूच देईना!" मिस्त्री ज्वाळेपाशी होते, दातात रबरी पाइप, हातात मऊ पडलेली काच, त्यांना बोलता येत नव्हतं. वहिनींनी केरसुणीनं पारा सुपलीत गोळा केला आणि दुकानातला केर नेहमी टाकायच्या तिथंच टाकला, राखेच्या टबात. आपण ते पाहिलं होतं की पाहिलं नव्हतं, हे मिस्त्रींना शेवटपर्यंत आठवलं नाही.

दुपारी नळी तयार झाली. लालबुंद नळी मिस्त्रींनी राखेत खोल पुरली. वारा लागू नये म्हणून शटर खाली ओढलं आणि ते माझ्याकडे आले. वहिनी आतच राहिल्या. टबाला टेकून गहू निवडत बसल्या होत्या.

आम्ही चहा घेतला. मिस्त्रींचा कान भिंतीकडे. बराच वेळ गेला, आवाज आला नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला तो मला आजही दिसतो.

"डाक्टर," ते म्हणाले, "आज न्हाई तडकली."

त्या आनंदात आम्ही दुसरा चहा सांगितला.

संध्याकाळी वहिनींना ताप भरला. छातीत दुखतंय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी श्वास पुरेना, तसं आम्ही त्यांना गाडी करून बीडला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि विचारलं, "यांनी कसला धूर, कसली वाफ घेतलीय का? काही जाळलं होतं का घरात?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले.

ते बाहेर येऊन बाकावर बसले. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. एकाएकी उठले, आत गेले, आणि दारातूनच म्हणाले, "पारा. राखंत पारा व्हता, त्यात तापल्याली नळी पुरली मी. ती राखंपाशी बसलती."

डॉक्टरीणबाईंनी होतं ते सगळं केलं. वहिनींनी एकदा तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं, "तडकली का वो?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पक्की हाय."

वहिनींनी मान हलवली. आठवडा काही निघाला नाही.

मी फोनवर सगळं कळवलं होतं; तेराव्यानंतर पुण्याचे साहेब आले. मिस्त्रींची आणि त्यांची ती पहिलीच भेट. उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, येताना हातमोजे आणि नाकावर बांधायच्या जाड पट्ट्या घेऊन आलेले. गाळा तेव्हापासून बंदच होता. साहेबांनी पुढचं शटर आणि मागचं दार उघडायला लावलं, ती राख स्वतः झाकणाच्या पिंपात भरून बंद केली, आणि भरता भरता तळाशी त्यांच्या हाताला नळी लागली.

त्यांनी ती पुसून उजेडात धरली. कुठं तडा नव्हता, बुडबुडा नव्हता. आतले दहा आकडे जागच्या जागी उभे. मिस्त्रींच्या हातून इतकी चांगली काच कधी निघाली नव्हती. आतली हवा ओढून गॅस भरणं तेवढं बाकी होतं.

साहेब नळी पुढं करत म्हणाले, "मिस्त्री, ही पुरी करू आपण. वहिनींसाठी."

"वाचणार कोण, साहेब?" मिस्त्री म्हणाले. चिडून नाही, खरंच विचारत असल्यासारखे. साहेबांनी पुढं केलेली नळी मागं घेतली. मग मिस्त्रीच म्हणाले, "तुमी न्या. मला दाराआड बी नको."

साहेबांनी ती पुण्याला नेली, ओळखीच्या एका प्रयोगशाळेत तिच्यात गॅस भरून घेतला आणि चित्रफीत माझ्या फोनवर पाठवली. मिस्त्री तेव्हा फ्लेक्सची कामंही करत नव्हते. चमचाही धड धरता येत नव्हता त्यांना. सकाळी यायचे, बंद शटरला पाठ लावून पायरीवर बसायचे. मी फोन त्यांच्यापुढं धरला. एक पेटला, दोन पेटला, तीन, चार, सगळे स्वच्छ, अगदी सहासुद्धा. मिस्त्रींनी ते एकदाच पाहिलं.

"आठाची शेपटी तिनं लांब ठिवली," ते म्हणाले. "मी न्हाई म्हणलतो. जाळीला लागंल म्हणलतो."

"लागली का?"

"न्हाई."

फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला. साहेबांच्या गटात त्या नळीचं फार कौतुक झालं. परदेशातली माणसं विचारत होती, हे कुठले आकडे, कुणी केले, अजून करणार का. साहेब ते सगळं मला कळवायचे. मी मिस्त्रींना सांगायचो. ते "बरं" म्हणायचे.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. दरवर्षी जाताना ट्रॉल्या माझ्या दुकानापुढं थांबतात. अंगदुखीच्या गोळ्या, मलम, लेकरांसाठी तापाचं औषध, असं सहा महिन्यांचं घेऊन लोक पुढं जातात. एका ट्रॉलीतून मिस्त्रींचा धाकटा भाऊ उतरला. मी वर पाहिलं तर मागच्या कोपऱ्यात, पेंढ्या आणि पातेल्यांच्या मध्ये मिस्त्री बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले.

मी रस्त्यावर आलो. "मिस्त्री, तुम्ही कुठं निघालात?"

"भावासंगं. फडावरच्या झोपडीत, कोपीवर बसायला. लेकरं राखायला माणूस लागतंय त्यानला."

"या हातांनी?"

"लेकराला काय, हात हालला तर झोप लागती."

टोळीचा मुकादम पुढं उभा होता. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. तो मिस्त्रींकडे बोट करून म्हणाला, "ह्यो तर अर्धा बी न्हाई रं, पाव हाय!" ट्रॉलीतली माणसं हसली. मिस्त्रीही हसले. मी त्यांना, थंडी सोसत नसेल तर परत या, गाळ्याची किल्ली माझ्याकडे ठेवून जा, असं काहीबाही सांगत राहिलो. किल्ली त्यांनी मालकाला आधीच देऊन टाकली होती. ट्रॅक्टर हलला. त्यांनी निरोपाचा हात वर केला नाही. गुडघ्यांतून हात काढला की तो थांबत नसे.

गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. काचेच्या उरलेल्या लांब नळ्या मालकानं भंगारवाल्याला दिल्या. त्या हातगाड्यावर मावेनात, म्हणून त्यानं माझ्यासमोरच त्या गुडघ्यावर मोडून पोत्यात भरल्या.

गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या परतू लागल्या. रोज दहा ट्रॉल्या जायच्या; मी प्रत्येकीत पाहायचो. शेवटी ती ट्रॉली आली. भाऊ उतरला, काउंटरवर येऊन पाठीला लावायचं मलम मागितलं. उन्हानं काळा ठिक्कर पडला होता.

"मिस्त्री?" मी विचारलं.

"गेला," तो म्हणाला. "संक्रांतीच्या म्होरं. खोकला लागलता. सकाळी उठवाया गेलो तर उठलाच न्हाई."

"अरे, कळवायचं तरी."

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "कुणाला?"

 मी मलम कागदात बांधून दिलं. ट्रॉलीतून त्याची बायको त्याला लवकर चला म्हणून हाका मारत होती. अंधार पडायच्या आत गाव गाठायचं होतं. मी पायरीवर उभा राहून पाहत होतो. भांडी, बाजा, गोधड्या, झोपलेली लेकरं. मिस्त्री जाताना बसले होते त्या मागच्या कोपऱ्यात एक शेळी बांधली होती, आणि ती उसाचं हिरवं वाढं ओढून ओढून खात होती.